आंब्याचा स्लॅब आणि गणपतीची घाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरीकडच्या मळ्यातलं, आजोबांनी लावलेलं आंब्याचं झाड गेल्या वर्षी वैशाखातल्या वादळात आडवं झालं. ओंडका सहा महिने बांधावरच पडून होता. दिवाळीनंतर तो वखारीत नेऊन सहा फूट लांब, अडीच इंच जाड आणि साधारण फूटभर रुंद असे दोन स्लॅब काढले. आता ते नाशकात इंदिरानगरच्या फ्लॅटच्या गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेत. त्यांचं रिव्हर टेबल करायचंय, म्हणजे दोन स्लॅबच्या मधल्या फटीत रंगीत इपॉक्सी रेझिन ओतून नदीसारखा पट्टा केलेलं टेबल, आणि गणपतीला पाहुणे येतील तेव्हा ते हॉलमध्ये हवंय. रेझिन कोणतं, किती, आणि एका दमात ओतलं तर चालेल का?

गणपतीला होणार नाही. येत्या फाल्गुनात होईल. का ते सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तुम्ही रेझिनबद्दल तीन प्रश्न विचारलेत आणि लाकडाबद्दल एकही नाही. सगळ्यांचं असंच होतं. व्हिडिओत निळं पाणी ओतताना दिसतं आणि तेच काम वाटतं. माझ्या अंबडच्या शेडमध्ये दुरुस्तीला जी रिव्हर टेबलं येतात, त्यांत रेझिनचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा ओलं लाकूड वापरलेलं असतं.

माझंच एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊससाठी चिंचेचं टेबल केलं. चिंच वखारीत वर्षभर पडून होती, वरून कोरडी लागत होती. आषाढात ओतलं, श्रावणात पोचवलं, मालक खूश. मार्चमध्ये फोन आला, ‘काल रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, टेबल बघायला या.’ जाऊन पाहिलं तर एका बाजूला लाकूड रेझिनपासून सुटलं होतं, फटीत पोस्टकार्ड सरकेल एवढं. दुसऱ्या बाजूचा जोड धरून राहिला होता, पण तिथे लाकूडच रेषेत चिरलं होतं. लाकूड आक्रसतं, रेझिन आक्रसत नाही. दोघांची ओढाताण झाली की जे कमजोर ते तुटतं. ते टेबल मी परत आणलं आणि पैसेही परत दिले.

आता तुमच्या स्लॅबकडे येतो. ओंडका सालीसकट सहा महिने पडला होता, त्यात तो फारसा सुकलेला नाही. सुकण्याचा हिशेब फळ्या पाडल्यापासून धरायचा. उघड्या हवेत इंचाला एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. आंबा त्यातल्या त्यात लवकर सुकतो, आणि नाशकातला मार्च ते मे भट्टीसारखाच असतो. तरी अडीच इंचाला सात महिने पुरत नाहीत. शिवाय आता पावसाळा लागलाय. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकूड किती का सुकवा, सोळा टक्क्यांच्या खाली ओलावा उतरत नाही. उन्हाळ्यात हवा तीस टक्क्यांवर आली की तेच लाकूड सहा-सात टक्क्यांपर्यंत जायला बघतं. पावसाळ्यात ओतून उन्हाळ्यात वापरलं, तर तुमच्या टेबलातली दोन्ही बाजूंची मिळून पावणेदोन-दोन फूट लाकडाची रुंदी पाच-सात मिलिमीटरनी घटायला मागेल. रेझिनने धरून ठेवलेलं असताना ती घटणार कुठून?

ओतताना ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास हवा, बाराच्या वर नकोच. पिनांचा ओलावा-मीटर मिळतो, घ्या. पण पिना पाच-सहा मिलिमीटरच आत जातात आणि स्लॅबचा गाभा तिथे नसतो. टोकाला टोचून बघू नका, टोक नेहमी कोरडंच सांगतं. खात्री करायची असेल तर टोकापासून फूटभर आतून आडवा बोटभर तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोला, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर तासाला तोलत राहा. समजा आधी ९२ ग्रॅम होता, शेवटी ८० वर थांबला. बारा ग्रॅम पाणी गेलं. बाराला ऐंशीने भागा, पंधरा टक्के. भागायचं सुक्या वजनाने. ओल्या वजनाने भागलं की आकडा कमी दिसतो आणि माणूस स्वतःलाच फसवतो. सहा फुटांतला तुकडा तोडायला जीवावर येत असेल, तर दर पंधरा दिवसांनी अख्खा स्लॅब धान्याच्या काट्यावर ठेवा आणि मागे पेन्सिलने तारीख-वजन लिहा. ओळीने तीन नोंदी सारख्या आल्या की त्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. मात्र श्रावणात सारख्या आल्या तर त्याचा अर्थ एवढाच, की हवा ओली आहे.

आज करायचं काम वेगळं आहे. भिंतीला टेकवलेले स्लॅब खाली घ्या. उभा टेकवलेला स्लॅब वाकतो, आणि वाकल्यावर तो सपाट करताना तुमचा अडीच इंच पावणेदोनवर येतो. दोन्ही टोकांना उरलेला ऑइलपेंट दोन हात लावा. टोकातून पाणी भराभर जातं आणि तिथेच चिरा पडतात. मग पावसाचा शिंतोडा येणार नाही पण वारं खेळतं अशा जागी, पडवीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचावर, दर दीड फुटाला इंचभर चौरस सुकी पट्टी ठेवून एकावर एक रचा. पट्ट्या वरखाली एका रेषेत याव्यात. वर वजन म्हणून दोन फरश्या ठेवा.

तेवढं थांबायचं नसेल तर सीझनिंगची, म्हणजे लाकूड सुकवायची, भट्टी हा एकच मार्ग, आणि इथे एक घोळ हमखास होतो. आपल्याकडे द्राक्षं परदेशी जातात, त्यामुळे पॅलेट, म्हणजे खोकी रचायच्या लाकडी चौकटी, करणारे पुष्कळ, आणि त्यांच्याकडे लाकूड तापवायची खोली असते. ‘आमच्याकडे हीट ट्रीटमेंट होते’ असं ते सांगतात आणि खरंच सांगतात. पण ती ट्रीटमेंट लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं ठेवायची असते, निर्यातीच्या लाकडातून कीड जाऊ नये म्हणून. त्यात कीड मरते, लाकूड सुकत नाही. सुकवायला अडीच इंची स्लॅब भट्टीत काही आठवडे ठेवावा लागतो. तरीही आंब्याला ती कीडमार प्रक्रिया करून घ्या असंच मी म्हणेन. आंब्याच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा फार लागतो. टेबलाखाली मैद्यासारखी बारीक पूड पडायला लागली की मग काही करता येत नाही. ती सोय नसेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी सगळीकडून ब्रशने मुरवा आणि परत सुकू द्या.

जाता जाता कागदपत्रांचं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं आहेत. तुमचं झाड वादळात पडलंय, तरी ओंडका गाडीत घालून आणताना पंचनाम्याची किंवा परवानगीची प्रत जवळ असू द्या. शहरातलं पडलेलं झाड उचलायचं असेल तर १९७५ चा वेगळा कायदा आहे, त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारा.

ओतायला फाल्गुन का? पौषात नाशकात पारा दहाच्या खाली उतरतो. थंडीत रेझिन मधासारखं घट्ट होतं, बुडबुडे वर येत नाहीत आणि चार-चार दिवस चिकट राहतं. एप्रिल-मेमध्ये उलट, तापतं. मार्चचा पहिला पंधरवडा दोन्हींच्या मध्ये पडतो, आणि लाकूडही तेव्हा सुकलेलं असतं. ओतायचं संध्याकाळी. रेझिन आवळताना स्वतःची उष्णता सोडतं. ती वाढत असताना बाहेरची हवा निवत गेलेली बरी. सकाळी ओतलं तर दोन्ही उष्णता दुपारी एकत्र येतात.

एका दमात ओतू का, याचं उत्तर डब्यावर लिहिलेलं असतं. वरून चमक द्यायचं कोटिंगचं रेझिन वेगळं, खोल ओतायचं कास्टिंगचं वेगळं. पहिलं झटपट आवळतं आणि एका थराला काही मिलिमीटरच ओतायचं असतं. दुसरं मुद्दाम संथ केलेलं असतं, त्याला डब्यावर ‘एका वेळी इतके मिलिमीटर’ अशी मर्यादा दिलेली असते, बऱ्याच डब्यांवर ५० च्या आसपास. मर्यादा ओलांडली तर काय होतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. एका मे महिन्यात माझ्या मदतनीसाने उरलेलं दोन-अडीच किलो कोटिंग रेझिन बादलीतच राहू दिलं. पंधरा मिनिटांत धूर. प्लॅस्टिकची बादली खालून वितळून बसली, आतला गोळा पिवळा पडून तडतडत होता. पातळ पसरलं असतं तर काहीच झालं नसतं, कारण ढिगात साठलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. मिसळल्यावर बादलीत ठेवायचं नाही, उरलं तर जुन्या ट्रेमध्ये पसरून टाकायचं.

तुम्हाला किती लागेल? स्लॅब आधी ढोबळ सपाट करून ५५ मिलिमीटरवर आणा. नदीची रुंदी जागोजागी मोजून सरासरी काढा, समजा १८ सेंटिमीटर. १८० गुणिले १८ गुणिले ५.५ म्हणजे १७,८२० घनसेंटिमीटर, जवळपास अठरा लिटर. चिरा-भोकांत मुरेल, भांड्याला चिकटून राहील, म्हणून दहा टक्के जास्त धरा, वीस लिटर. लिटरला साधारण १.१ किलो, म्हणजे बावीस किलो. हे एका वेळी न ओतता पावणेतीन सेंटिमीटरचे दोन थर करा. पहिला थर बोटाला चिकटतो पण बोट बरबटत नाही, अशा बेताला दुसरा ओतला तर दोन्ही एकजीव होतात. ती वेळ हुकली तर पूर्ण कडक होऊ द्या, ८० च्या पॉलिश पेपरने घासून पांढुरकं करा, पुसा आणि मग ओता. हा खर्च लाकडाच्या कितीतरी पट असतो. नदी दोन इंचांनी अरुंद केली तर पैसेही वाचतात आणि टेबल उठूनही दिसतं. रुंद निळा पट्टा आणि कडेला लाकडाच्या दोन चिंचोळ्या फळ्या, हे मला कधीच आवडलेलं नाही.

रंगाचं निघालंच म्हणून. सगळ्यांना निळा हवा असतो. तो मोरपंखी निळा मालदीवचा आहे. आपण गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, वाढलो. श्रावणात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा गोदावरी दुधाच्या चहासारखी असते, आणि दिवाळीनंतर सोमेश्वरला खडकांमधून येते तेव्हा हिरवट काळी. आंब्याच्या फिक्या पिवळ्या-तपकिरी लाकडाशेजारी हा हिरवट काळा इतका शोभतो की एकदा नमुना करून पाहाच. तुकड्याच्या टोकाला टेपची भिंत करून कपभर ओता आणि घरातल्या उजेडात दोन दिवस ठेवा. रंग रेझिनसाठीचाच घ्या, वजनाच्या एक-दोन टक्क्यांपुरता. भिंतीच्या रंगात घालायचं स्टेनर किंवा पोस्टर कलर घालू नका, पाणी आत गेलं की रेझिन नीट आवळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. साल सगळी काढा. पडलेल्या झाडाची साल आज घट्ट वाटली तरी वर्षाने सुटते आणि जाताना रेझिनला घेऊन सुटते. बोथट पटाशीने उचलायची, खालचा मऊ थर तारेच्या ब्रशने जाईपर्यंत घासायचा, पण कडेचे उंचवटे मारायचे नाहीत. तिथेच तर नदीचा काठ आहे. मग काठाला आणि चिरांना साधं रेझिन ब्रशने पातळ लावून सुकू द्या, दोन हात. हे टाळलं तर लाकडाच्या छिद्रांतली हवा ओतल्यावर रात्रभर बुडबुडे सोडत बसते, आणि सकाळी नदीत साबुदाणा दिसतो.

साचा अठरा मिलिमीटरच्या सनमायका लावलेल्या प्लायचा. आतून सगळीकडे ब्राऊन टेप, सांध्यांना सिलिकॉन, आणि ते दिवसभर सुकू द्यायचं. साचा पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट करा. ओतण्याआधी स्लॅब वरून आडव्या पट्ट्यांनी आवळून घ्या. हे लोकांच्या लक्षात येत नाही, पण लाकूड रेझिनपेक्षा हलकं असतं. रात्री सगळं ठीक दिसतं आणि सकाळी स्लॅब होडीसारखा तिरका तरंगलेला सापडतो.

रेझिन आणि ते आवळायला लावणारं हार्डनर मिसळताना प्रमाण नेमकं काट्यावर. डब्यावर मापाचं प्रमाण वेगळं आणि वजनाचं वेगळं असतं, कारण हार्डनर हलका असतो. मापाचा आकडा काट्यावर लावला की टेबल कायमचं चिकट राहतं आणि ते सुधारता येत नाही, खरवडून काढावं लागतं. पाच मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून परत दोन मिनिटं. पहिल्या बादलीच्या कडेला नीट न मिसळलेलं राहिलेलं असतं, ते नदीत पडायला नको. वर आलेल्या बुडबुड्यांवरून हीटगन हलती ठेवून फिरवा. एका जागी धरलीत तर त्या जागेवर सुरकुती येते.

गच्चीवर हे काम करू नका. धूळ, ऊन आणि दिव्यावर येणारे किडे, तिन्ही तिथे असतात. दारं बंद होणारी, पण वारं खेळवता येईल अशी खोली हवी. आणि हातमोजे नायट्रिलचे, दर वेळी. रेझिन अंगाला लागलं तर लगेच काही होत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. माझ्याकडचा एक चांगला कारागीर दोन वर्षं उघड्या हातांनी काम करायचा. तिसऱ्या वर्षी मनगटापासून पुरळ उठली. ही ॲलर्जी एकदा आली की जन्मभराची. आता डबा उघडला तरी त्याचे डोळे सुजतात, त्याला मी पॉलिशच्या कामावर घेतलाय. ओतताना वाफेचा मास्क, घासताना धुळीचा. दोन वेगळे आहेत.

साचा निदान चार-पाच दिवसांनी उघडा. मग सपाट करायचं काम. दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यावर सरकणारा, राउटर (लाकूड खरवडून सपाट करणारं यंत्र) बसवलेला पाट, एका फेरीत एक-दोन मिलिमीटर. हे घरी करायला दोन दिवस जातील आणि घर भुश्श्याने भरेल. एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) राउटरवाल्याकडे नेलंत तर अर्ध्या दिवसात होतं, मी तेच सुचवीन. नंतर घासाई ८०, १२०, १८०, २४०, एकही नंबर न गाळता. पेपरला गोळ्या चिकटायला लागल्या तर रेझिन तापलंय, थांबा. शेवटी हार्डवॅक्स ऑइल किंवा मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, खालच्या बाजूलाही तेवढेच हात. आरशासारखी चमक नको. स्टीलच्या डब्यांचे ओरखडे त्यावर आठवड्यात दिसतात.

बहुतेक रेझिन पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं. चहाचं पातेलं किंवा कुकर थेट ठेवला की कायमचं वर्तुळ उमटतं, म्हणून अडणी हवीच. पूर्वेच्या खिडकीतलं थेट ऊन रोज पडू देऊ नका, रेझिन पिवळं पडतं.

हे सगळं वाचून रेझिन नकोसं वाटलं तर दोन वाटा आहेत. रिव्हर टेबल हा प्रकार प्रसिद्ध केला तो अमेरिकेतल्या ग्रेग क्लासेन यांनी, आणि त्यांनी नदीसाठी काच वापरली, काठाच्या वळणाप्रमाणे कापून स्लॅबमध्ये बसवलेली. काच खाचेत सैल बसते, लाकडाला हलायला जागा मिळते. टफन काच हवी असेल तर आधी आकार कापून घ्या, टफन झाल्यावर तिला कापता येत नाही. दुसरी वाट अमेरिकेतले सुतार-कारागीर जॉर्ज नाकाशिमा यांची. तीसच्या दशकात पाँडिचेरीच्या आश्रमातल्या ‘गोलकोंड’ इमारतीवर काम केलेला हा माणूस लाकडातली चीर लपवायचा नाही. दोन स्लॅब जोडून मधली चीर तशीच ठेवायची आणि ती वाढू नये म्हणून फुलपाखराच्या आकाराच्या खुंट्या आडव्या बसवायच्या. माझं टेबल असतं तर मी हेच केलं असतं. पण मी सुतार आहे, मला लाकूडच बघायला आवडतं.

राहिले पाय. ५० मिलिमीटर जाडीचं तयार टेबल भरेल सुमारे पन्नास किलो, लाकूड तेहतीस आणि रेझिन अठरा. लोखंडी चौकोनी पाइपचे पाय करा, स्लॅबला खालून पितळी थ्रेडचे बुश (बोल्ट फिरवायच्या आट्यांच्या नळ्या) बसवा आणि पायाच्या पट्टीतली भोकं गोल न ठेवता रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, म्हणजे लाकूड हललं तरी बोल्ट अडवणार नाही. आणि ओतण्याआधी तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट मोजून घ्या. सहा फूट लिफ्टमध्ये उभं राहतं का, जिन्याच्या वळणावर फिरतं का, हे बघा. एकदा मी वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दोराने टेबल चढवलंय, खाली सगळी सोसायटी जमली होती.